आकडा बरोबर होता

परवा माझी भाची चार दिवस राहायला आली होती. धाकट्या बहिणीची मुलगी. आमच्या नातेवाइकांत तिला सगळे ‘विमानवाली’ म्हणतात, कारण ती खरंच विमान चालवते. नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. नातेवाइकांना सांगायची गरज नाही आणि बाकीच्यांना नावाचा उपयोग नाही.

संध्याकाळी आम्ही दोघी देवळात जायला निघालो. मी कुलूप-किल्ली घेऊन दारात उभी आणि ही अजून स्वयंपाकघरातच. जाऊन बघते तर एकेका वस्तूला बोट लावून पुटपुटतेय. गॅस बंद. नळ बंद. गीझर बंद. मी म्हटलं, “अगं चल, मी सगळं बघितलंय. चाळीस वर्षं या घरात राहतेय मी.”

ती हसली. म्हणाली, “म्हणूनच तर, मावशी. नवीन माणूस बघतो. जुन्याला आपण बघितलंय असं वाटतं.”

आणि मागचं दार उघडं होतं. :-)

तर आजचा लेख या मुलीच्या धंद्याबद्दल आहे. निदान सुरुवात तरी तिथून आहे. शेवटी तो माझ्यावरच येऊन थांबणार आहे, हे आधीच सांगून ठेवते.

वैमानिक म्हटलं की माझ्या पिढीतल्या बायकांच्या डोळ्यांसमोर ‘आराधना’मधला राजेश खन्ना येतो. गणवेश, टोपी, ऐट. ही मुलगी बारावीला फिजिक्स आणि गणित घेऊन पास झाली आणि ‘मला पायलट व्हायचंय’ म्हणाली तेव्हा घरात जे रामायण झालं ते नातेवाइकांना आठवत असेलच. बहिणीने कर्ज काढलं. डोळे, कान, हृदय, सगळ्याच्या तपासण्या झाल्या. मग छोट्या विमानावर शिकणं. परवान्यासाठी दोनशे तास उड्डाण लागतं. त्यानंतर मोठ्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण, कारण एका प्रकारच्या विमानाचा परवाना दुसऱ्या प्रकाराला चालत नाही. आज ती उजवीकडच्या खुर्चीत बसते. डावीकडे कॅप्टन, उजवीकडे फर्स्ट ऑफिसर. खांद्यावर हिच्या तीन पट्ट्या, कॅप्टनच्या चार.

ऐट वगैरे काही नाही हो. सकाळच्या फ्लाइटला पोरगी रात्री अडीचला उठते. कामावर गेल्यावर आधी नळीत फुंकर मारायची, दारू प्यायलेली नाही ना हे बघायला. मग हवामान, वजन, इंधन, वाटेत उतरता आलं नाही तर दुसरा विमानतळ कुठला, हे सगळं दोघांनी मिळून बघायचं. मग एक जण खाली उतरून विमानाला प्रदक्षिणा घालतो. चाकं, पंख, इंजिनाची तोंडं डोळ्यांनी तपासायची. भर पावसातही. विमान कालच तपासलेलं असलं तरीही.

मी तिला तोच प्रश्न विचारला जो सगळे विचारतात. “विमान आपोआपच चालतं ना गं आता?” ती म्हणाली, “कुकरमध्ये भात आपोआपच शिजतो, मावशी. पण शिट्ट्या कुणीतरी मोजायला लागतात.”

शिट्ट्या मोजायलाही दोघं असतात. एका फेरीला एक जण विमान चालवतो आणि दुसरा त्याच्यावर आणि यंत्रांवर लक्ष ठेवतो. पुढच्या फेरीला अदलाबदल. म्हणजे कॅप्टन विमान चालवत असला तर तिने त्याच्यावर लक्ष ठेवायचं. दहा हजार फुटांच्या खाली कामाशिवाय एक शब्द बोलायचा नाही, कारण चढताना आणि उतरतानाच जास्त घोळ होतात. बऱ्याच कंपन्यांत दोघांचं जेवणसुद्धा वेगवेगळं ठेवतात, एकाला बाधलं तर दुसरा धड राहावा म्हणून.

आणि परीक्षा! दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये बसवतात. ते हुबेहूब कॉकपिट असतं, पण जमिनीवर. परीक्षक मागे बसून एकेक संकट सोडतो. धावपट्टीवर वेग घेताना एक इंजिन बंद, आगीची घंटा, समोर धुकं. विमान धावत असताना एक वेग येतो, त्याला ते ‘व्ही-वन’ म्हणतात. त्याच्या आत काही झालं तर थांबायचं. तो ओलांडला की थांबायचं नाही, कारण पुढे धावपट्टीच पुरणार नाही. एक इंजिन गेलं तरी उडायचंच. म्हणून त्या क्षणी कॅप्टन इंजिनाच्या दांड्यांवरचा हात उचलून घेतो, घाबरून चुकून मागे ओढायला नको. केवढा विचार केलाय बघा माणसाच्या हाताचा.

मी बी.ए., बी.एड. होऊन पस्तीस वर्षं शिकवलं. नोकरीला लागल्यानंतर माझी परीक्षा कुणी घेतली नाही. वर्षातून एकदा साहेब यायचे, फळ्यावर सुविचार आहे का बघायचे, चहा घ्यायचे आणि जायचे. असो.

ते गॅस-नळ-गीझरचं प्रकरण मात्र माझ्या डोक्यातून जाईना. मी तिला विचारलं, एवढी शिकलेली माणसं तुम्ही, कागद बघून बटणं दाबता? तिने १९३५ सालची गोष्ट सांगितली. अमेरिकेत बोइंग कंपनीने सैन्यासाठी एक मोठं विमान बनवलं होतं. ३० ऑक्टोबरला ओहायोमधल्या राइट फील्डवर त्याची चाचणी होती. चालवायला निवडक, अनुभवी वैमानिक. विमान उचललं गेलं, सरळ वर चढलं आणि कोसळलं. दोन वैमानिकांचा त्यात जीव गेला. यंत्रात दोष काहीच नव्हता. विमान उभं असताना वाऱ्याने शेपटीचे भाग हलू नयेत म्हणून एक अडसर लावतात, तो काढायचा राहिला होता. बस्स, एवढंच. त्यानंतर त्या लोकांनी वैमानिकाला आणखी हुशार करण्याचा नाद सोडला आणि एक यादी केली. हे केलं का, ते केलं का. तीच यादी असलेलं ते विमान पुढे हजारोंनी बनलं आणि दुसऱ्या महायुद्धात गाजलं.

“विसरणं हा गुन्हा नाही मावशी,” ती म्हणाली. “मी विसरणार नाही असं समजणं हा गुन्हा.”

हे ऐकून मी उठून चहा ठेवायला गेले. खरं म्हणजे चहाची वेळ नव्हती.

रात्री तिने मला टेनेरिफची गोष्ट सांगितली. नंतर मी नातवाकडून शोधून घेऊन त्याबद्दल बरंच वाचलं.

२७ मार्च १९७७. स्पेनच्या ताब्यातल्या कॅनरी बेटांत एका विमानतळावर बॉम्ब फुटला म्हणून बरीच विमानं टेनेरिफ बेटावरच्या छोट्या विमानतळाकडे वळवली गेली. त्यात दोन जंबो जेट होती. एक डच, एक अमेरिकन. दुपारभर सगळे अडकून पडलेले. वर धुकं उतरलं. डच विमान धावपट्टीच्या टोकाला जाऊन उभं राहिलं आणि अमेरिकन विमान अजून त्याच धावपट्टीवरून हळूहळू चाललेलं. धुक्यात एकमेकांना दिसत नव्हतं आणि टॉवरला दोघंही दिसत नव्हते.

डच कॅप्टन साधासुधा नव्हता. कंपनीच्या जंबो वैमानिकांच्या प्रशिक्षणाचा प्रमुख. कंपनीच्या जाहिरातीत त्याचा फोटो असायचा. शेजारी बसलेल्या सहवैमानिकाची जंबोची परीक्षा दोनच महिन्यांपूर्वी याच कॅप्टनने घेतलेली. म्हणजे शेजारी-शेजारी बसलेले परीक्षक आणि विद्यार्थीच म्हणा.

कॅप्टनने एकदा घाईने इंजिनं वाढवली तेव्हा सहवैमानिकाने त्याला थांबवलं, अजून परवानगी मिळाली नाही म्हणून. कॅप्टन थांबला. मग टॉवरने पुढचा मार्ग सांगितला, उडायची परवानगी नव्हे. कॅप्टनला ती परवानगीच वाटली आणि तो निघाला. आता तोच विद्यार्थी परीक्षकाला दुसऱ्यांदा कसा अडवणार? त्याने रेडिओवर जे सांगितलं त्याचा अर्थ टॉवरने ‘उडायच्या जागी उभे आहोत’ असा घेतला. टॉवर आणि अमेरिकन विमान एकाच वेळी बोलले आणि डच कॉकपिटमध्ये नुसती शिट्टी वाजल्यासारखा आवाज झाला. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने मात्र पुढचं बोलणं ऐकलं होतं. त्याने विचारलं, ते विमान अजून बाहेर गेलेलं नाही की काय? कॅप्टनने ठामपणे सांगितलं, गेलंय.

इंजिनिअर गप्प बसला.

५८३ माणसं गेली. आजवरचा विमानांचा सगळ्यात मोठा अपघात हाच.

मी मराठी शिकवत असे, त्यामुळे मला सगळ्यात जास्त लागला तो इंजिनिअरचा प्रश्न. त्याने ‘थांबा’ असं म्हटलं नाही. त्याने विचारलं. हाताखालचा माणूस वरच्याला सांगत नाही, विचारतो. आपल्याकडे तर ‘नाही म्हणजे, मला आपलं वाटलं’ अशी सुरुवात केल्याशिवाय कुणी तोंड उघडत नाही. आम्ही त्याला विनय म्हणतो आणि त्याला गुणही देतो.

त्या अपघातानंतर त्यांनी भाषाच बदलली. ‘टेकऑफ’ हा शब्द फक्त उडायची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा. एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं. टॉवरची सूचना नुसतं ‘ओके’ म्हणून सोडायची नाही, ती आपल्या तोंडाने परत म्हणून दाखवायची. एका शब्दाचे दोन अर्थ निघतात म्हणून आम्ही श्लेष अलंकार शिकवतो आणि मुलांना तो ओळखायला लावतो. तिथे दुसरा अर्थ निघू नये म्हणून जगभर नियम केले.

आता माझी गोष्ट सांगते. घरच्यांनाही ही पूर्ण ठाऊक नाही.

डिसेंबर १९८७. मी छत्तीस वर्षांची. शाळेची सहल महाबळेश्वर-प्रतापगडला गेली होती, एस.टी.च्या दोन गाड्या करून. सहलीची प्रमुख मी. तोपर्यंत माझ्या आठ-दहा सहली झाल्या होत्या आणि ‘बाईंची सहल म्हणजे घड्याळ’ असं शाळेत म्हणायचे. मलाही ते आवडायचं. खोटं कशाला बोलू.

प्रतापगड बघून पाच वाजता खाली उतरलो. महाबळेश्वरला मुक्काम होता. घाट अंधाराच्या आत चढावा म्हणून ड्रायव्हर घाई करत होता. मी माझ्या गाडीत चढले, मधल्या वाटेने मागपर्यंत डोकी मोजत गेले. सत्तेचाळीस. सकाळीही सत्तेचाळीसच होती. मी ड्रायव्हरला ‘चला’ म्हटलं.

तेवढ्यात सातवीतली एक मुलगी उभी राहिली. अबोल मुलगी, वर्गात कधी बोट वर करायची नाही. ती म्हणाली, “बाई, ती दुसऱ्या गाडीत बसली का हो?” आणि तिने तिच्या मैत्रिणीचं नाव घेतलं.

मी म्हटलं, “मी मोजलंय ना? आकडा बरोबर आहे. खाली बस.”

ती बसली.

आकडा बरोबरच होता. त्याचं कारण मला रात्री कळलं. आमच्या एका शिक्षकांनी त्यांचा लहान मुलगा सहलीला आणला होता. सकाळी तो वडिलांबरोबर दुसऱ्या गाडीत होता. गडावरून उतरल्यावर त्याला खिडकी हवी होती म्हणून तो आमच्या गाडीत येऊन बसला. एक कमी, एक जास्त. सत्तेचाळीस. नावं घेऊन हजेरी घेतली असती तर दोन मिनिटं लागली असती. यादी माझ्या पर्समध्ये घडी घालून होती.

महाबळेश्वरला जेवणाच्या पंगतीत कळलं. मी आणि ते शिक्षक एक जीप करून परत फिरलो. आंबेनळी घाटात मिट्ट काळोख. तो रस्ता मी त्यानंतर कधीही डोळे उघडे ठेवून पार केलेला नाही. जीपमध्ये आम्ही दोघं एक अक्षर बोललो नाही.

ती सापडली. पायऱ्यांपाशी ताक विकणाऱ्या एका बाईंनी तिला आपल्याजवळ बसवून घेतलं होतं. अंगावर त्यांची घोंगडी आणि हातात तुटलेली चप्पल. चपलेचा अंगठा तुटला म्हणून ती मागे पडली होती. बारा वर्षांची पोर. रडत नव्हती. म्हणाली, “बाई, मी पळत आले, पण गाडी गेली होती.”

आणि मंडळी, मी काय केलं असेल? मी तिला रागावले. “सांगितलं होतं ना सगळ्यांबरोबर राहायचं म्हणून!” त्या ताकवाल्या बाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनी ताकाचे पैसेसुद्धा घेतले नाहीत.

परत आल्यावर सहलीचा अहवाल लिहायचा होता. मराठीची शिक्षिका म्हणून अहवाल नेहमी माझ्याकडेच. मी लिहिलं, ‘एक विद्यार्थिनी सूचनांचे पालन न केल्याने मागे राहिली. तिला सुखरूप परत आणण्यात आले.’

व्याकरण निर्दोष आहे. पहिल्या वाक्यात कर्ता ती मुलगी. दुसऱ्यात कर्ताच नाही. ‘मी तिला मागे ठेवून आले’ हे वाक्य मला लिहिता आलं असतं, तेही शुद्ध मराठीच होतं. मुख्याध्यापकांनी सही केली. मुलीचे वडील शाळेत आले ते तक्रार करायला नव्हे, मुलीच्या वतीने माफी मागायला. मी ती घेतली.

बोट वर न करणाऱ्या त्या दुसऱ्या मुलीबद्दल अहवालात काहीच नव्हतं. तिने विचारलं होतं हे मी कुणालाच सांगितलं नाही.

ही सगळी गोष्ट परवा रात्री भाचीला सांगितली. अडतीस वर्षांनी. ती शांतपणे ऐकत होती. मला वाटलं ती म्हणेल, जाऊ दे मावशी, मुलगी सापडली ना. ती म्हणाली, “मग तू रिपोर्ट खोटा लिहिलास.”

मी म्हटलं, हो.

मग तिने समजावून सांगितलं. त्यांच्यात चूक झाली, अगदी थोडक्यात निभावलं असलं तरी, स्वतः कळवायची पद्धत आहे. अमेरिकेत १९७६ पासून अशी व्यवस्था आहे की वैमानिक आपली चूक नासाला कळवतात. नासा म्हणजे तीच, चंद्रावर माणूस पाठवणारी. विमानांवर कारवाई करणारं खातं वेगळं, म्हणून चूक सांगायची तिथे, शिक्षेची भीती न बाळगता. जाणूनबुजून केलेलं अर्थातच माफ नाही. पण प्रामाणिक चूक सांगितली तर ती पुढच्या हजार जणांना कळते. “तू खरं लिहिलं असतंस,” ती म्हणाली, “तर पुढच्या सहलीपासून सगळ्यांनी नावं घेऊन हजेरी घेतली असती.”

मी पुढच्या सहलीपासून नावं घेऊनच हजेरी घेतली. पण मी एकटीने, आणि का ते न सांगता.

टेनेरिफ आणि तसे आणखी काही अपघात झाल्यावर अमेरिकेतल्या विमान कंपन्यांनी आपल्या वैमानिकांना एक नवीनच विषय शिकवायला सुरुवात केली. त्याला ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’ असं भारदस्त नाव आहे. मला समजलं ते असं की हाताखालच्याने स्पष्ट बोलायचं आणि वरच्याने ऐकायचं, हे शिकवावं लागतं. आपोआप येत नाही. १९८९ च्या जुलैमध्ये डेन्व्हरहून शिकागोला निघालेल्या विमानाचं शेपटीतलं इंजिन फुटलं आणि विमान वळवायची सगळी यंत्रणाच निकामी झाली. असं होऊच शकत नाही असं समजत असल्यामुळे त्याची यादीही नव्हती. कॅप्टन होता अल हेन्स. प्रवाशांमध्ये एक प्रशिक्षक वैमानिक बसला होता, तो मदतीला आला. कॅप्टनने त्याला ‘तुम्ही जागेवर बसा’ म्हटलं नाही. इंजिनांच्या दांड्या त्याच्या हातात दिल्या. चौघांनी मिळून, नुसता दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करून ते विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलं. आपटलं, पेटलं. पण २९६ पैकी १८४ माणसं वाचली. हेन्स पुढे गावोगाव भाषणं देत फिरले आणि श्रेय या शिक्षणाला देत राहिले.

आणि शिकवूनही सगळे शिकतात असं नाही. २२ मे २०१० ला दुबईहून आलेलं विमान मंगळूरला टेकडीवरच्या धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळलं. १५८ माणसं गेली, आठ वाचली. चौकशीत निघालं की कॅप्टन प्रवासात बराच वेळ झोपलेला होता, विमान फार उंचावरून आणि वेगात उतरत होतं आणि सहवैमानिकाने उतरणं रद्द करून पुन्हा वर जायला तीनदा सांगितलं होतं. तीनदा. त्या मुलाने तर विचारलंही नाही, सांगितलं. ते वाचल्यावर मी जरा वेळ कॉम्प्युटर बंद करून बसले.

भाचीला मी विचारलं, तुझ्यावर कधी अशी वेळ आली का गं? ती म्हणाली, एकदा. पावसाळ्यात उतरताना. वाऱ्यामुळे विमान हवं तसं स्थिर होत नव्हतं. हजार फुटांपर्यंत ते स्थिर झालं नाही तर उतरायचं नाही असा नियम. कॅप्टन चालवत होते, वयाने वडिलांएवढे. ती म्हणाली, ‘गो अराउंड’. त्यांनी एक क्षणही न दवडता दांड्या पुढे ढकलल्या आणि विमान वर नेलं. प्रवासी कुरकुरले. वीस मिनिटांनी नीट उतरले. खाली आल्यावर कॅप्टन म्हणाले, मी आता जमेल, आता जमेल असं करत होतो, बरं झालं बोललीस.

“धीर कसा झाला गं तुला?” मी विचारलं.

“धीर कसला? ते माझं कामच आहे. धीर त्यांचा. त्यांनी ऐकलं.”

ती गेल्यावर दोन दिवस मी अस्वस्थ होते. मग त्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून त्या अबोल मुलीचा नंबर मिळवला. आता पन्नाशीची बाई, दोन मुलांची आई. फोन केला. पाच मिनिटं इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर मी म्हटलं, तुला प्रतापगडची सहल आठवते का?

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आठवते बाई. मला अजून वाईट वाटतं. मी नीट मोठ्याने सांगायला पाहिजे होतं. नुसतं विचारलं आणि बसले.”

बघा. अडतीस वर्षं ती मुलगी माझी चूक स्वतःच्या नावावर घेऊन बसली होती.

मी तिला म्हटलं, तू बरोबर होतीस. तू वेळेवर बोललीस. चूक माझी होती आणि मी अहवालातही खोटं लिहिलं. एवढं बोलायला मला फोनवर इतका वेळ लागला की ती ‘बाई, ऐकू येतंय ना?’ असं दोनदा विचारत होती. शेवटी ती हसली. म्हणाली, “बाई, तुम्ही माफी मागताय हे विचित्र वाटतंय.” मलाही वाटत होतं.

मागे राहिलेल्या मुलीचा पत्ता मात्र अजून लागलेला नाही. लग्नानंतर आडनाव बदललं, वडील वारले, भाऊ गाव सोडून गेला. हा ब्लॉग वाचणाऱ्यांत माझे बरेच जुने विद्यार्थी आहेत. त्या सहलीला जे होते त्यांना कोणाबद्दल बोलतेय ते कळलं असेल. तिचा नंबर कुणाकडे असेल तर मला फोन करून द्या, इथे लिहू नका.

तिला मी अहवाल दुरुस्त करून वाचून दाखवणार आहे. एकच वाक्य आहे, लिहून ठेवलंय.